सैल खुंट

"बाबा, खुंट ठोकणारी माणसं पुष्कळ बघितली. हलवून सैल करणारा आजच बघतोय. हे काय चाललंय?"

फकिरानं हातातला खुंट हलवून सोडला. तो पुढच्या खुंटाकडे वळला.

घाटाच्या पायथ्याशी चांदशा फकिराचा तकिया होता; एक झोपडी आणि पुढे अंगण. चढणीआधी वाटसरू तिथे टेकायचे. त्यांच्या घोड्यांसाठी फकिरानं बाभळीचे खुंट ओळीनं रोवले होते, आणि रोज सकाळी एकेक खुंट धरून तो बोट शिरेल एवढा सैल करायचा.

विचारणारा होता दर्याजी शिलेदार. अवखळ शिंगरं वठणीवर आणण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. हे लोकांना सांगायचं कामही तो स्वतःच करायचा. आज मात्र तो ताईत मागायला आला होता.

"पोरासाठी हवाय," तो म्हणाला. "सुभानला पखवाज शिकायचाय म्हणे. शिलेदाराच्या पोरानं पखवाज! दोनदा पळाला. आता खोलीत कोंडून घातलाय."

"जेवतो?"

दर्याजीनं पागोटं सारखं केलं.

"परवापासून ताटाला हात लावला नाही… त्याची आई दाराशी बसून असते."

"हं…"

फकीर पाणी आणायला आत गेला.

समोर कुणाचं काम चुकलेलं दिसलं की दर्याजीचे हात शिवशिवायचे. त्यानं एक धोंडा उचलला, आणि आपली घोडी बांधलेला खुंट असा ठोकला, की हत्तीलाही हलवता आला नसता. मग हात झटकून तो खूश होऊन बघत राहिला.

फकीर तांब्या घेऊन बाहेर येतो, तोच वारा सुटला. वाळत घातलेली चादर उडाली ती थेट घोडीच्या तोंडावर.

घोडी बिथरली. दोराला हिसका बसला. खुंट तसूभरही हलला नाही. ती गुडघ्यांवर आदळली, मान पिरगाळली गेली, डोळे पांढरे झाले.

दर्याजी धावला. कमरेची सुरी काढून त्यानं दोर कापला.

घोडी धडपडत उठली आणि सुटली. ओढ्यापर्यंत गेली. तिथे थांबली. अंग थरथरत होतं. मग हळूच मान खाली घालून पाणी प्यायला लागली.

दर्याजी त्या खुंटाशीच खाली बसला. शिंगरू असल्यापासून त्यानं तिला वाढवलं होतं.

"खुंट सैल असता, तर उपटून आला असता," तो म्हणाला.

"आला असता."

"घोडी पळाली असती."

"आताही पळालीच की."

दर्याजीनं ओढ्याकडे पाहिलं. घोडी अजून पाणीच पीत होती.

"लांब का नाही गेली, बाबा?"

"भीती होती तोवर पळाली."

दर्याजी उठला. आवाजातली शिलेदारी कुठल्या कुठे गेली होती.

"निघतो मी. तो ताईत तेवढा…"

फकिरानं खुंटाला उरलेला दोराचा तुकडा सोडला आणि त्याच्या हातात ठेवला.

"देतो की. पण ताईत गळ्यात बांधतात, दर्याजी. पोराचा गळा शाबूत आहे का, तेवढं आधी बघून ये."