एक्केचाळीस जागा

एकदा एका नदीकाठच्या तालुक्याने पुराचा इशारा देणारी संगणकप्रणाली करून घ्यायचे ठरवले. काम एका वृद्ध रचनाकाराकडे आणि त्याच्या शिष्येकडे आले. पाणी वाढले की गावांना कशाने कळवायचे, हे मात्र कोणीच नक्की सांगेना. कोणी म्हणे फोनवर संदेश, कोणी म्हणे देवळावरचा भोंगा. अखेर शिष्येने संदेश गृहीत धरला आणि सारी रचना त्यावर उभी केली. चाचणी उत्तम झाली.

पावसाळ्याला तीन आठवडे उरले असताना वृद्ध म्हणाला, "आता तो संदेशाचा भाग काढून टाक."

"काढून? सर, सगळं व्यवस्थित चालतंय!"

"म्हणूनच. काढ, आणि किती जागी हात लावावा लागतो ते मोज."

ती धुसफुसत बसली. दुपारी तिचा चेहरा उतरला होता. "एक्केचाळीस," ती म्हणाली. "पाणी मोजण्याच्या भागातही संदेश शिरलाय, सर. फोनचा टॉवर पडला, तर आपली मोजणीच थांबते."

वृद्ध म्हणाला, "मीही एकदा टॉवर गृहीत धरला होता. पाणी उंबऱ्याला लागलं, तरी आमचं यंत्र टॉवरची वाट पाहत होतं. माणसं वाचली, पण ती आमच्यामुळे नव्हे. तेव्हापासून मला माझ्या खात्रीचीच भीती वाटते. ठाऊक नाही तिथे अंदाज बांधावाच लागतो गं. पण तो एका खोलीत ठेवावा, आणि त्या खोलीला दार एकच असावं. खोटा ठरला, तर तेवढी खोली रिकामी करता येते."

एकोणीस दिवस ती तेच करत राहिली. विसाव्या दिवशी तिने संदेशाचा भाग पुन्हा काढला. या वेळी एकाच जागी हात लावावा लागला. मोजणी चालूच राहिली.

"झालं," वृद्ध म्हणाला. "आता घरी जा."

ती उठली नाही. "सर, पुलाच्या खांबावरचं पाणी मोजणारं यंत्रच वाहून गेलं तर? मी आत्ताच त्याची जोडणी काढून पाहिली. आपली प्रणाली नुसती गप्प बसते. आणि गप्प बसली, की गावांना वाटेल, सगळं ठीक आहे."

इतक्या वर्षांत हे वृद्धाच्या मनातही आले नव्हते.

"सरक जरा," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.