माणिकात कोंडलेला राजा

एका राज्यात डोंगराच्या पोटी रत्ने पिकत, आणि राजा सुतेजन तिथे न्यायाने राज्य करी. करालकंठ नावाच्या मांत्रिकाने त्याच्याकडे अर्धे राज्य मागितले. राजाने नकार दिला. मांत्रिकाने दंड आपटला. राज्याची नदी एका पाचूत शिरली, उत्तरेचा तारा एका नीलमात, आणि खुद्द राजा एका माणकात. तिन्ही रत्ने घेऊन मांत्रिक आपल्या गुहेत गेला.

विहिरी आटल्या. तांडे रानात वाट चुकले. तेव्हा राजकन्या मृगांकेने कमरेला तलवार बांधली.

प्रधान म्हणाले, "राजकन्ये, त्या गुहेतून कोणी परतले नाही."

"प्रधानजी, प्रजा तहानेली आहे. निरोप द्या."

रानात एक धनेश पक्षी फासात तडफडत होता. तिने फास कापला. पक्षी बोलला, "जादूने घडवलेले रत्न अगदी नितळ असते. जमिनीत वाढलेल्या रत्नात मात्र काही ना काही अडकून राहतेच. धागा, थेंब, भेग. काही खुणा रत्नाला शोभा देतात, काही त्याला दुबळे करतात. नीट पाहा."

गुहेच्या तोंडाशी करालकंठ हसला. "तीन दालने आहेत. चुकलीस की दगड होशील!"

पहिल्या दालनात पाचूंची रास झगमगत होती. मृगांकेने एकेक उजेडात धरला. सगळे निर्मळ, सगळे रिकामे. तळाशी एक गढूळसा पाचू निघाला. त्याच्या आत शेवाळ पसरल्यासारखे दिसत होते, आणि त्यात एक थेंब हलत होता.

"हा," ती म्हणाली. नदी गर्जत बाहेर पडली आणि खाली मैदानाकडे धावली.

दुसऱ्या दालनात नीलम होते. तिने एक दुधाळ खडा उचलला. आत रेशमासारखे बारीक धागे होते.

"असला मळकट खडा मुकुटात कोण जडवील?" मांत्रिकाने हिणवले.

तिने तो उन्हाच्या कवडशात फिरवला. धाग्यांवर प्रकाश गोळा झाला, सहा किरणांची चांदणी उमलली, आणि उत्तरेचा तारा भरदिवसा आकाशात जाऊन बसला.

तिसऱ्या दालनात एकच भलेमोठे माणिक होते. आत राजा निजला होता. शेजारी हातोडा होता.

"एकच घाव," करालकंठ म्हणाला. "ही भेग पाहतेस ना? तिच्या वाटेला जाऊ नकोस, तुकडे होतील. अखंड अंगावर जोराने मार."

मृगांका माणकाभोवती फिरली. भेग काठापासून निघून राजाच्या खांद्याला न शिवता पलीकडे गेली होती. अखंड अंगावर घाव पडला, तर माणकाचा चुरा होईल आणि राजाचाही. भेगेवर पडला, तर माणिक भेगेच्याच वाटेने उघडेल. बाजारात या भेगेपायी माणकाचे मोल उतरले असते. आज हाच दरवाजा होता.

तिने भेगेच्या तोंडावर हलकेच घाव घातला. माणिक दारासारखे दुभंगले. राजा बाहेर आला. करालकंठ ओरडला, त्याची जादू त्याच्यावरच उलटली आणि तो जागच्या जागी नितळ काचेचा झाला. आत काहीच नव्हते.

"बाळ, भ्याली नाहीस?"

"भ्याले, तात. हात कापत होता. म्हणून तर घाव हलका पडला."

राजा खळखळून हसला. नदीकाठाने दोघे नगरीत आले. नगारे वाजले, तोरणे चढली. त्याच दिवशी सुतेजनाने मृगांकेला युवराज्ञी केले, आणि वाट चुकलेला शेवटचा तांडा गात गात वेशीतून आत आला. तिथे आनंदीआनंद झाला, तसा ऐकणाऱ्यांच्या घरीही होवो.