गोजरा पाटलिणीचा शिधा

घाटातून गाडीरस्ता नव्हता, नुसती पायवाट होती, त्या काळातली ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याला आंबेघळ नावाचं चाळीस उंबऱ्यांचं गाव होतं. पाटील साप चावून गेला आणि मूलबाळ नव्हतं, म्हणून पाटीलकी त्याच्या बायकोकडे आली. तिचं नाव गोजरा.

एका ज्येष्ठात राजाचा जासूद हुकूम घेऊन आला. दोन हत्ती शेजारी शेजारी चालतील असा रस्ता दसऱ्याच्या आत घाटातून करावा, नाहीतर गाव उठवलं जाईल.

गोजरानं विचारलं, "आणि पहारी? राबणाऱ्यांचा शिधा?"

जासूद खाली बघत म्हणाला, "पाटलीणबाई, हुकुमात एवढंच लिवलंय."

शेजारची दोन गावं गाडगीमडकी उचलून परागंदा झाली. गोजरा हलली नाही. तिनं सगळ्यांना घाटात नेलं, स्वतःही पाटी उचलली. पेरण्या राहिल्या, कणग्यांचा तळ दिसला. माणसं रानातले कंद उकडून खात आणि खडक फोडत. श्रावणात सुभाना वडार भुकेनं चक्कर येऊन कड्यावरून कोसळला. त्याची बायको तुळसा रडली नाही, भांडली नाही. तिनं नवऱ्याची पहार आणून गोजराच्या पुढ्यात ठेवली.

"आता ही कोण चालवणार, पाटलीणबाई?"

सुभानाला त्या कड्यावर गोजरानंच उभं केलं होतं. तिला मान वर करवेना. दुसऱ्या सकाळी ती एकटीच राजधानीच्या वाटेला लागली.

राजवाड्याच्या दारात ती म्हणाली, "रस्ता करतो आम्ही. राबणाऱ्यांना भाकरी द्या."

कारभारी हसला. "हुकूम दिला की आमचं काम झालं."

"मग माझं गाव जेवेल तेव्हा मी जेवेन," असं म्हणून ती पायरीवर बसली.

असं म्हणतात, त्याच वेळी मुदपाकखान्यातल्या चुली विझल्या. वाळलेली लाकडं घातली, तूप ओतलं, तरी नुसता धूर. शहरात घरोघरी जाळ होता, पण तोच विस्तव वाड्याच्या आत आणला की काळा पडे, आणि बाहेरून आणलेली भाकरी उंबऱ्याच्या आत येताच दगड होई. तिसऱ्या दिवशी राजा भिंतीला धरत धरत दारात आला.

"बाई, काय केलंस हे?"

"काही नाही, महाराज. उपाशी माणसाचे पाय कसे लटपटतात, ते तुम्हाला कळलं, एवढंच."

राजा तिच्या शेजारी पायरीवर बसला. त्यानं विचारलं, "कोणी दगावलं का?"

तिनं नाव सांगितलं. राजानं ते नाव स्वतःच्या तोंडानं उच्चारलं आणि कारभाऱ्याला हाक मारली. धान्याच्या चाळीस गाड्या वेशीबाहेर पडल्या, तेव्हा वाड्यातल्या चुली आपोआप पेटल्या, असं म्हणतात.

दसरा टळून गेला, रस्ता दिवाळीला पुरा झाला. कोणी जाब विचारला नाही. हत्तींच्या आधी त्यावरून तुळसा चालत गेली.

आंबेघळात अजून एक रीत आहे. ग्रामसभेत जो गावाला काम सुचवेल, त्यानं त्या दिवशी राबणाऱ्यांना आपल्या घरचं जेवण द्यायचं. त्याला म्हणतात गोजराईचा शिधा. परवा तालुक्याचे नवे साहेब शाळेची भिंत बांधायचा आदेश घेऊन ग्रामसभेत आले. निधीचं विचारलं, तर म्हणाले, "वरून काही आलेलं नाही."

म्हातारी सरपंचबाई हात जोडून म्हणाली, "साहेब, आमच्याकडं रीत आहे."

साहेबांनी रीत ऐकून घेतली. मग त्यांनी गाडीतून आपला डबा मागवला आणि सगळ्यांच्या मधोमध उघडून ठेवला.