दुलई विमानाला निघाली

विमानं नुकती कुठे सामान न्यायला लागली होती आणि वस्तूंना अजून बोलता येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. मंदाकाकूंच्या लेकीला परदेशात बाळ व्हायचं होतं. काकूंनी बाळासाठी कापसाची दुलई आणि गुटी उगाळायची सहाण माल पाठवायच्या कचेरीत नेऊन दिली.

"तू पडलीस दगड," दुलई सहाणेला म्हणाली. "तू जा बोटीनं, दोन महिने हेलकावे खात. मी पिसासारखी हलकी, मी विमानानं जाणार."

तराजूचा काटा तिच्या वजनानं जेमतेम हलला, तशी ती आणखीच फुगली. मग कचेरीतली मोजपट्टी पुढे आली. तिनं दुलईला आडवं-उभं मोजलं आणि सांगितलं, "सहाण विमानानं. दुलई बोटीनं."

दुलई पुन्हा तराजूवर चढून बसली. "अहो, मी? काटा नीट बघा तरी!"

"बघितला, बाई," मोजपट्टी म्हणाली. "पण विमानात जागा थोडी, आणि तुम्ही एकट्या चार पेट्यांची जागा अडवताय."

सहाणेला वाईट वाटलं. "अगं, दोरीनं जरा आवळून घे की. मावशील माझ्याशेजारी. बाळ ऐन थंडीत येतंय."

"आवळून घेऊ? मी?" दुलई किंचाळली. "मग माझ्यात राहिलं काय?"

विमान उडालं. बोटीत हमालांनी दुलईवर तांदळाची बारा पोती रचली.

दोन महिन्यांनी लेकीनं गाठोडं सोडलं. बाळ शेजारणीच्या जुन्या शालीत गाढ झोपलं होतं. दुलईनं स्वतःकडे पाहिलं आणि तिचा डोळ्यांवर विश्वासच बसेना. ती पापडासारखी चपटी झाली होती. विमानात सहाणेशेजारी सहज मावली असती.