गाडीला न कळलेलं लग्न

"तुझी बायको जड आहे. नवे शॉकअप घातले तरी गाडी मागून टेकते. गोकर्णला एकटाच जा." दिगंबरकाकांनी पुतण्याला दिलेला हा सल्ला चहा आणणाऱ्या केतकीने दाराआडून ऐकला. लग्नानंतरची पहिलीच सहल तिच्या वजनावर मोडत होती. जुन्या मोटारसायकलला शॉकअप काकांनीच बसवले होते. शॉकअपच्या खोक्यातला माहितीचा कागद मात्र तिने वाचला होता. चहा ठेवून तिने पाना उचलला.

"सूनबाई, हे पोह्यांचं काम नाही," काका हसले.

तिने शॉकअपच्या दोन्ही स्प्रिंगा पहिल्या खाचेवरून चौथीवर घेऊन कडक केल्या आणि नवऱ्यामागे बसून कोपऱ्यावरच्या खड्ड्यातून फेरी मारून आली. गाडी टेकली नाही.

"काका, स्प्रिंगा तुम्ही एकट्या माणसाच्या खाचेवर ठेवल्या होत्या. लग्नात अक्षता टाकल्यात, पण यांचं लग्न झालंय हे गाडीला सांगायला विसरलात."