काळटेकच्या परीचा दगड

आगगाडीची शिट्टी झाडीच्या मुलखात अजून कुणी ऐकली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. काळटेक नावाच्या डोंगराखाली चैती नावाची चिमुकली मुलगी राहायची. तिची आई देवाघरी गेली होती. तिचे बाबा, डोमा लोहार, डोंगरातून दगड खणायचे आणि मातीच्या भट्टीत भाजून त्याचं लोखंड काढायचे. चैती आपल्या इवल्या पायांनी भाता दाबायची.

पण डोमाच्या खाणीतला दगड तांबडा, भुसभुशीत आणि हलका. टोपलीभर भाजावा, तर मळच मळ निघायचा आणि लोखंड मुठीएवढं. घरात आंबीलसुद्धा रोज नसायची.

शेजारच्या खाणीत भिवराआजीचा दगड मात्र काळाभोर, चकचकीत. हातावर घेतला की मनगट खाली जायचं. आजीला मूलबाळ नव्हतं. गेलेल्या नवऱ्याने बांधलेली भट्टी तेवढी होती, आणि आजी तिच्याशी माणसाशी बोलावं तशी बोलायची. स्वतःच्या भाकरीतली अर्धी ती चैतीला द्यायची.

एका सकाळी बहाव्याखाली पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडला होता. तिथल्या दगडांच्या ढिगाऱ्यातून बारीक हुंदका आला. चैतीने बोटं सोलवटून घेतली, पण एकेक दगड बाजूला केला. आत होती एक इवलीशी परी! तिचे पंख निळे-रुपेरी, झगा मोरपंखी, आणि केसांत ठिणग्यांची फुलं लुकलुकत होती.

"मी या डोंगराची परी," ती हळूच म्हणाली. "माग काहीतरी, बाळ. पण नियम ऐक. डोंगर नवं काही घडवत नाही, एकीकडचं दुसरीकडे नेतो. दिलेलं मी एकदाच परत नेईन. नंतर तुझं मागणं संपलं."

पोटात कावळे ओरडत असताना नियम कोण ऐकतं? चैती म्हणाली, "माह्या बाबाच्या खाणीत काळा दगड येऊ दे."

आणि आला! डोमाच्या कुदळीखाली काळ्या दगडाची तेजाळ शीर उघडी पडली. लोखंड घट्ट निघू लागलं. घरात तांदूळ आले, आणि आई गेल्यापासून गप्प झालेले बाबा खळखळून हसले. चैतीला वाटलं, आपण फार शहाणं मागणं मागितलं.

कुठून आला तो दगड, हे तिने विचारलंच नाही.

एका दुपारी ती आजीकडे गेली. आजी हातात हातोडा घेऊन भट्टीसमोर उभी होती. आजीच्या खाणीतून आता तांबडी ढेकळं निघत होती, आणि भट्टी पेटवावी तेव्हा प्रत्येक घाण्यातून नुसता मळ. त्या गावची रीत अशी होती, की लागोपाठ मळ निघाला तर भट्टी रुसली म्हणायचं, आणि मालकानेच ती फोडायची. दगडाला कुणी दोष देत नसे.

"रुसली व माही भट्टी, पोरी," आजी म्हणाली. "त्यायच्या हातची होती. मलेच सांभाळता नाही आली."

"थांब आजी! फोडू नोको!" असं ओरडून चैती बहाव्याकडे धावत सुटली.

"परत ने, परी! सगळं परत ने!"

परीने दगड तत्काळ परत नेला. पण डोंगराखालून धाडकन आवाज आला. आजी थांबली नव्हती.

"भट्टी जोड ना," चैती रडत म्हणाली.

"डोंगराचं मी परत नेते, बाळ. माणसाने फोडलेलं मला जोडता येत नाही."

चैतीने आजीला आणि बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी मान खाली घातली आणि ते म्हणाले, "काकू, माही भट्टी तुमचीच समजा. दोघं मिळून घाणा लावू." चैतीने रोज माती तुडवून आजीसाठी नवी भट्टीही उभी करायला घेतली. तिचे पाय फुटले, पण तिने एकदाही कुरकुर केली नाही. आजी मात्र त्या नव्या भट्टीशी कधी एक शब्दही बोलली नाही.

भट्टी वाळली त्या सकाळी परी पुन्हा आली.

"तुझं मागणं संपलं," ती म्हणाली, "पण मला द्यावंसं वाटतं."

"मले काही नको," चैती घाईने म्हणाली. "कोणाचं आणशील तू?"

परी नुसती हसली. तिच्या पंखांतला निळा, रुपेरी, सोनेरी उजेड वाढत वाढत गेला, सगळा बहावा उजळला, आणि तो झळझळीत प्रकाश डोमाच्या तांबड्या खडकात झिरपून नाहीसा झाला. चैतीने खूप हाका मारल्या, पण परी कुठेच नव्हती.

थोड्या वेळाने डोमाची कुदळ खणकन वाजली. खडकात काळी, निळसर झाक असलेली शीर होती. आजीची शीर जिथल्या तिथे होती, कुणाचंही कमी झालं नव्हतं. आजीने एक खडा हातावर तोलला आणि तिचं मनगट खाली गेलं.

"असा दगड म्या जन्मात नाही पायला," ती म्हणाली. "रडतेस कायले व, बाई?"

चैतीने तो खडा आजीच्या हातातून घेतला. तो अजून कोमट होता.