एका पडशीचा वकील

चंदनगडच्या राजाने तहाच्या बोलणीसाठी भानुपंत वकिलांना शेजारच्या राज्यात धाडलं. पंत एकटेच घोड्यावरून आले, खांद्याला फक्त एक पडशी. ती पाहून तिथले दिवाण भर दरबारात मोठ्याने हसले.

"वकिलाबरोबर दोन गाड्या सामानही देता येत नाही? महाराज, अशा दरिद्री राजाशी तह कसला करायचा?"

पंतांनी महाराजांना मुजरा केला. "सरकार, मागे ओसाड रानातून गेलो, तेव्हा मी चार गाड्या भरून शिधा आणि अंथरुणं नेली होती. तिथे मला विचारणारं कोण होतं? पण आपल्या दारी येताना शिधा बांधायचा, म्हणजे आपल्या पाहुणचारावर शंका घ्यायची. दिवाणजींना तशी शंका आहे का?"

दिवाणांचा चेहरा उतरला. महाराज मात्र खळखळून हसले.

"छे, छे! तह होईपर्यंत पंत दिवाणजींच्याच घरी उतरतील."